नाव तुमच्या खात्यात, काम भाच्याच्या हाती

प्रश्न: एक वाचक भगिनी गेली आठ वर्षे वह्या, रोजनिश्या आणि छायाचित्रांचे आल्बम हाताने शिवून, बांधून विकतात. आजवरच्या बहुतेक मागण्या ओळखीतून किंवा समाजमाध्यमावरच्या त्यांच्या पानावरून आल्या. आता स्वतःचे संकेतस्थळ असावे, असे त्यांना वाटते. त्यांचा भाचा संकेतस्थळे तयार करण्याचेच काम करतो. “डोमेन, होस्टिंग, डिझाइन सगळे मी माझ्या खात्यातून एकत्र घेतो, तुला कशाचीच कटकट नको,” असे त्याचे म्हणणे आहे. होस्टिंगचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर पहिल्या वर्षी डोमेन फुकट मिळते, अशी एक योजनाही त्याने पाहून ठेवली आहे. समाजमाध्यमावरचे पान व्यवस्थित चालू असताना हा खर्च कशाला, असे त्यांच्या पतींना वाटते. मनात धरलेले नाव डॉट कॉममध्ये आधीच कोणीतरी घेऊन ठेवले आहे आणि ते सोडायला तो मोठी रक्कम मागतो आहे, म्हणून त्यांनी दुसरी तीन नावे काढून पाठवली आहेत. “मला यातले काहीच कळत नाही, तेव्हा सगळे एकाच्याच हातात दिलेले बरे नाही का? आणि कायमचे पुरेल असे चांगले होस्टिंग कोणते?” असे त्या विचारतात.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आणि होस्टिंग म्हणजे त्याची पाने व छायाचित्रे ठेवण्याची भाड्याची जागा. होस्टिंगविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे. जागा किती मिळते, वेग किती, कोणती कंपनी चांगली, हे सगळे त्यात आहे. डोमेनविषयी मात्र, नावांची निवड सोडली तर, एकच वाक्य आहे, आणि तेही ते फुकट मिळते एवढेच सांगणारे. मी हा क्रम उलटा करणार आहे. होस्टिंग चुकले तर ते दोन-चार दिवसांच्या कामात बदलता येते. डोमेन चुकीच्या खात्यात गेले, तर ते परत मिळवताना महिने जातात आणि कधी कधी ते मिळतही नाही.

या दोन गोष्टी मुळात वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या असाव्यात म्हणूनच ही व्यवस्था जन्माला आली. सुरुवातीच्या काळात जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि त्यांचे आकडे एकाच यादीत लिहिलेले असत आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ती यादी हाताबाहेर गेली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली. त्या रचनेत नाव एकीकडे नोंदलेले असते आणि ते नाव सध्या कोणत्या संगणकाकडे बोट दाखवते, हे दुसरीकडे लिहिलेले असते. हे बोट केव्हाही वळवता येते. आज तुमच्या वह्यांची छायाचित्रे एका कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संगणकावर, असतील, उद्या दुसरीकडे हलवली, तरी ग्राहकाने लिहून ठेवलेला पत्ता तोच राहतो. ‘सगळे एकत्र घेऊ’ या सोयीपायी आपण ही मोकळीक आपण होऊन सोडून देत असतो.

आता ‘एकाच्याच हातात दिलेले बरे’ या तुमच्या वाक्याकडे वळू. काम एकाच्या हातात असावे, हे मला पूर्ण मान्य आहे. भाच्याला या कामाची माहिती आहे, तो जवळचा आहे, आणि त्याने डिझाइनपासून दुरुस्तीपर्यंत सगळे पाहिले तर तुमचा वेळ वह्या शिवण्यात जाईल. परंतु काम हातात असणे आणि नाव खात्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. डोमेन ज्या कंपनीकडून घेतले जाते तिला रजिस्ट्रार म्हणतात. त्या रजिस्ट्रारच्या नोंदीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणजे नोंदणीदार असा एक रकाना असतो. त्या रकान्यात ज्याचे नाव, तो त्या डोमेनचा धारक. पैसे कोणी दिले, व्यवसाय कोणाचा, पाटीवर नाव कोणाचे, हे रजिस्ट्रार पाहत नाही. तो ती नोंद पाहतो आणि खात्याला जोडलेला ईमेल पाहतो.

त्या ईमेलचे महत्त्व मला एका स्नेह्यांच्या अनुभवातून कळले. ते भाषांतराचे काम करतात आणि त्यांचे संकेतस्थळ एका ओळखीच्या तरुणाने सहा वर्षांपूर्वी आपल्या खात्यातून करून दिले होते. एका सकाळी त्यांच्या पत्त्यावर त्यांच्या कामाऐवजी भलत्याच जाहिरातींचे पान दिसू लागले आणि त्याच नावावरचा त्यांचा ईमेलही बंद पडला. तो तरुण लगेच धावून आला, त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते, पण त्याला पासवर्ड आठवत नव्हता. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबल्यावर पडद्यावर एक ओळ आली: दुवा पाठवला आहे. खाली ईमेलचे पहिले अक्षर, मग चांदण्यांची रांग, आणि शेवटी एका कंपनीच्या नावाचा तुकडा. तो तुकडा पाहून तो मटकन खाली बसला. ती त्याची जुनी नोकरी होती. ती सोडून त्याला तीन वर्षे झाली होती आणि ती ईमेलची पेटी केव्हाच बंद झालेली होती. नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना त्या बंद पेटीकडे जात राहिल्या होत्या. पुढचे तीन आठवडे ओळखपत्रे, जुन्या पावत्या आणि अर्ज यांत गेले. नाव अखेर मिळाले, जादा शुल्क भरून मिळाले, पण त्या तीन आठवड्यांत ज्यांची पत्रे परत गेली त्यांतले किती जण दुसरीकडे वळले, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

म्हणून डोमेनची खरेदी तुम्ही स्वतः करा, असे माझे ठाम सांगणे आहे. भाच्याला शेजारी बसवा, तो कुठे काय भरायचे ते सांगेल, पण खाते तुमच्या नावाने उघडा, ईमेल तुमचा द्या, दूरध्वनी क्रमांक तुमचा द्या, आणि पैसेही तुमच्याच खात्यातून जाऊ द्या, म्हणजे पावती तुमच्या नावाने येईल. संस्थेच्या नावाचा वेगळा रकाना असेल आणि तुमचा व्यवसाय नोंदणीकृत असेल, तर तिथे ते नाव जसे कागदावर आहे तसेच लिहा, कारण तो रकाना भरला की धारक म्हणून ती संस्था धरली जाते. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत खरेदीनंतर एक पडताळणीचा ईमेल येतो. त्यातल्या दुव्यावर १५ दिवसांत टिचकी मारली नाही तर नाव तात्पुरते बंद केले जाऊ शकते. अनेकांचे नवे संकेतस्थळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक गायब होते त्याचे कारण बहुधा एवढेच असते, की तो ईमेल जाहिरातीचा समजून कोणी उघडलेला नसतो.

खात्याला जोडायचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि मग डोमेन सोडवण्याचा दुवा बंद पेटीतच जाऊन पडतो. तुमचा नेहमीचा, रोज उघडला जाणारा, वेगळ्या सेवेवरचा ईमेल द्या. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक संकेत मागणारी सोय, चालू करा. पासवर्ड भाच्यालाही देऊ नका. हे मी कठोरपणाने म्हणत नाही: बऱ्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित अधिकार देण्याची सोय असते, आणि तशी ती नसली तरी सुरुवातीला नेमसर्व्हरचे, म्हणजे नाव कुठे बोट दाखवते हे सांगणाऱ्या संगणकांचे, दोन-चार पत्ते एकदा भरून दिले की संकेतस्थळाच्या रोजच्या कामासाठी डोमेनच्या खात्यात शिरण्याची त्याला गरजच उरत नाही.

आपण आपल्या नावाने खाते मागितले तर भाच्याला वाईट वाटेल, अशी शंका तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मला जाणवली. ज्याला या कामाची खरी जाण आहे, त्याला वाईट वाटणार नाही. उलट ज्यांनी आपल्या खात्यात गिऱ्हाइकांची वीस-पंचवीस डोमेन ठेवली आहेत, त्यांना त्या प्रत्येकाच्या तारखेची जबाबदारी वाहावी लागते, आणि एखादी चुकली तर बोल त्यांनाच लागतो. तुम्ही त्याला असे म्हणू शकता: “काम सगळे तूच करायचेस, पण नाव माझ्या खात्यात राहू दे, उद्या तू परगावी गेलास, आजारी पडलास, नोकरी बदललीस, तरी माझ्यासाठी तुला धावपळ करावी लागू नये.” यात अविश्वास नाही. हा विचार त्याच्याही सोयीचा आहे, आणि तो मनापासून सांगितला तर त्याला तो पटेल.

ज्या वाचकांचे डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्यांनी संबंध चांगले आहेत तोवरच हे काम उरकून घ्यावे. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर नाव एका खात्यातून दुसऱ्यात सरकवणे सहसा काही मिनिटांचे काम असते. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असेल तर सध्याच्या खात्यातून एक हस्तांतर संकेत मिळतो. धारकाने मागितल्यावर तो पाच दिवसांत देणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे, आणि डॉट कॉमच्या हस्तांतरात शुल्क भरले की मुदतही एका वर्षाने वाढते. मात्र नवे घेतलेले किंवा नुकतेच हलवलेले नाव साधारण ६० दिवस हलवता येत नाही, हे धरून चालावे. आपल्या डोमेनची सार्वजनिक नोंद पाहिलीत आणि तिथे धारकाचे नाव झाकलेले दिसले, तर घाबरू नका. २०१८ साली युरोपातील खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक ठिकाणी ते झाकलेलेच असते. त्याच नोंदीत ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असे शब्द दिसतील. ते अडचणीचे नाहीत, कुलूप लावलेले आहे एवढेच ते सांगतात, आणि ते तसेच असू द्यावे. धारक म्हणून कोण लिहिले आहे, हे खात्यात शिरूनच पाहावे लागते.

डोमेन ‘विकत’ घेतले असे आपण म्हणतो, पण खरे तर ते कोणीच विकत घेत नाही. ते मुदतीने घ्यायचे असते, कमीत कमी एक वर्ष आणि डॉट कॉममध्ये एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे. मुदत संपली म्हणजे नाव लगेच दुसऱ्याकडे जाते असेही नाही. डॉट कॉममध्ये आधी जास्तीत जास्त ४५ दिवसांचा सवलतीचा काळ असू शकतो, पण तो किती द्यायचा आणि त्या दिवसांत नावाचे काय करायचे, हे बरेचसे रजिस्ट्रारच्या हातात असते. काही जण त्या काळातच नाव लिलावात काढतात. नाव काढून टाकले गेले तर पुढे ३० दिवस जादा शुल्क देऊन ते सोडवता येते, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते सगळ्यांना मोकळे होते. देशांच्या संकेतांवर संपणाऱ्या नावांचे नियम वेगवेगळे आहेत. मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारने सूचना पाठवायची असते, पण ती कुठे जाते, हे वर सांगितलेच. ही चूक फक्त छोट्यांची होते असेही समजू नका. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले, हॉटमेल वापरणाऱ्यांचे लॉगिन अडले, आणि एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने आपल्या कार्डावरून ते शुल्क भरून टाकले.

तेव्हा भाच्याने काढलेली योजना मी नेमकी उलटी करायला सांगेन. ती होस्टिंगला तीन वर्षे बांधते आणि डोमेनला एक वर्ष देते. तुम्ही डोमेन पाच वर्षांसाठी घ्या आणि होस्टिंग एका वर्षासाठी, जमल्यास आधी महिन्याच्या बोलीवर. जे बदलायचे नाही त्याची मुदत लांब असावी आणि जे बदलावे लागू शकते त्याची आखूड. शिवाय फुकटचे डोमेन बहुधा पहिल्या वर्षापुरते फुकट असते. दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागतो, आणि होस्टिंग मध्येच सोडून पैसे परत मागितले तर त्या ‘फुकट’ डोमेनची किंमत त्यातून कापून घेतली जाते. ही गोष्ट अटींमध्ये लिहिलेली असते, ती लपवलेली नसते, पण वाचली जात नाही. कोणतीही योजना पाहताना मोठ्या अक्षरातल्या दराशेजारी बारीक अक्षरात लिहिलेला नूतनीकरणाचा दर शोधा. तुम्हाला पुढे कायम द्यायचा आहे तो दर तोच.

‘कायमचे पुरेल असे होस्टिंग’ असे काही नसते, आणि तुम्हाला ते लागणारही नाही. वीस-तीस वह्यांची छायाचित्रे, थोडी माहिती, तुमच्या कामाचे एक पान आणि संपर्काचा अर्ज एवढेच असेल, तर एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे ठेवणारे साधे शेअर्ड होस्टिंग पुरेसे आहे. स्वतंत्र सर्व्हर, क्लाउड, अमुक इतके कोअर, हे शब्द सध्या बाजूला ठेवा. संकेतस्थळ संथ असण्याचे कारण पुष्कळदा होस्टिंग नसतेच. फोनवर काढलेले एक छायाचित्र सहज ४ एमबीचे असते. तशी २० छायाचित्रे एका पानावर लावली तर ते पान ८० एमबीचे होते आणि ग्राहकाच्या फोनवर ते उघडता उघडत नाही. तीच छायाचित्रे २०० केबीपर्यंत लहान केली तर सगळे पान ४ एमबीत बसते आणि कागदाचा पोत, शिलाईचा दोरा डोळ्यांना तितकाच स्पष्ट दिसतो. महागड्या होस्टिंगपेक्षा ही एक संध्याकाळ जास्त उपयोगी पडेल.

‘अमर्याद जागा’ या शब्दांवरही विसंबू नका. जागा अमर्याद असली तरी फायलींच्या संख्येवर आणि सर्व्हरच्या वापरावर मर्यादा असतेच, आणि ती अटींमध्ये कुठेतरी आकड्यांत दिलेली असते. ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याची हमी ऐकायला भक्कम वाटते; तिचा अर्थ असा, की वर्षाकाठी पावणेनऊ तासांच्या आसपास बंद राहिले तरी ती हमी मोडत नाही. तुमच्या कामाला तेवढे चालेल. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी कोणी वेगळे मोठे पैसे मागत असेल तर नम्रपणे नकार द्या. क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून हे प्रमाणपत्र नसलेल्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो, त्यामुळे ते हवेच; पण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते २०१५ पासून विनामूल्य देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या तेच आपोआप बसवून देतात.

होस्टिंग निवडताना मी स्वतः सर्वांत जास्त खोदून विचारते ते बॅकअपविषयी. प्रत किती दिवसांनी घेतली जाते, ती कुठे ठेवली जाते, आणि परत लावून द्यायला किती वेळ व पैसे लागतात, असे तीनही प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही, पण ज्यांच्या माहितीची प्रत दुसरीकडे नव्हती त्यांतल्या अनेकांची माहिती कायमची गेली. कंपनी मोठी आहे, हे उत्तर म्हणून पुरेसे नाही. महिन्यातून एकदा संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत भाच्याकडून आपल्या संगणकावर किंवा छोट्या ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि वर्षातून एकदा ती खरोखर उघडते का, हे त्यालाच करून दाखवायला सांगा.

होस्टिंगचे खाते भाच्याच्या नावाने असले तर चालेल का, असे तुम्ही विचारले नाहीत, पण पुढे विचाराल. प्रत आणि डोमेन तुमच्याकडे असेल तर माझी हरकत नाही. त्याचे खाते अडले, तरी ती प्रत दुसऱ्या कंपनीकडे चढवायची, डोमेनचे बोट तिकडे वळवायचे, आणि एक-दोन दिवसांत सगळीकडे नवा पत्ता पोहोचतो. संकेतस्थळ वर्डप्रेससारख्या प्रणालीवर असेल तर त्यात सर्वाधिकार असलेले एक वेगळे खाते तुमच्या नावाने असू द्या, एवढे मात्र नक्की पाहा. नुसती पाने ओढून-सोडून तयार करून देणाऱ्या सेवा सोप्या असतात, पण तिथले संकेतस्थळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही, पुन्हा उभारावे लागते. भाचा हाताशी असताना तुम्हाला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही.

ईमेल हा स्वतंत्र विषय आहे, त्यातले एकच सांगते. स्वतःच्या नावावरचा ईमेल हवाच, पण तो होस्टिंगबरोबर येणाऱ्या पेटीत ठेवण्यापेक्षा वेगळ्या ईमेल सेवेकडे ठेवला, तर होस्टिंग बदलताना जुनी पत्रे हलवावी लागत नाहीत. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरेच तुमच्या नावावरून आले आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी डोमेनमध्ये भरल्या का, हे भाच्याला विचारा. त्या नसतील तर तुमची दरपत्रके ग्राहकाच्या नको असलेल्या पत्रांत जाऊन पडण्याची शक्यता वाढते.

आता तुमच्या पतींच्या शंकेविषयी. समाजमाध्यमावरचे पान चालते आहे, ग्राहक तिथे येतात, हे त्यांचे निरीक्षण बरोबरच आहे, आणि ते पान बंद करावे असे मी मुळीच सुचवणार नाही. पण तो पत्ता तुमचा नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर एके काळी लाखो लोकांनी आपली पाने बांधली होती; याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. पानांतला मजकूर काहींनी उतरवून घेतला, पण पत्ता मात्र कोणालाच नेता आला नाही, कारण तो त्यांचा नव्हताच. तुमच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तुम्ही पत्ता छापता, असे तुम्ही लिहिले आहे. ती वही दहा वर्षे कोणाच्या तरी कपाटात राहील. दहा वर्षांनी तो पत्ता चालायला हवा असेल, तर तो ज्याच्या नोंदीत तुमचे नाव आहे असाच असावा. खर्चाची काळजी वाटत असेल तर यंदा फक्त डोमेन घ्या आणि ते सध्या त्या समाजमाध्यमाच्या पानाकडेच वळवून ठेवा. संकेतस्थळ पुढच्या वर्षी उभारले तरी पुठ्ठ्यावरचा पत्ता तोच राहील.

जे नाव दुसऱ्याने धरून ठेवले आहे, त्याच्यासाठी मोठी रक्कम देऊ नका. तुमचा व्यवसाय अजून त्या नावाने ओळखला जात नाही, म्हणजे त्या अक्षरांत तुमची स्वतःची कमाई अजून साठलेली नाही; त्या पैशात चांगला कागद येईल. डॉट कॉम ही ओळखीची आणि लोकांच्या तोंडी बसलेली अखेर आहे, तिला माझी पहिली पसंती असते, पण ती मिळाली नाही म्हणून अडून बसू नये. ग्राहक बहुतांशी एकाच देशातले असतील तर त्या देशाच्या संकेतावर संपणारे नाव तितकेच विश्वासाचे वाटते. नव्या अखेरी हजाराहून अधिक आहेत. त्यांतल्या काहींचा पहिल्या वर्षीचा दर अगदी नगण्य आणि पुढचा कित्येक पट असतो, म्हणून तिथेही नूतनीकरणाचा दर आधी पाहा. देवनागरीतही नाव घेता येते आणि ते पुठ्ठ्यावर सुंदर दिसेल. मात्र यंत्रणेच्या आत ते रोमन अक्षरांच्या एका लांबलचक रूपात साठवले जाते आणि काही ठिकाणी, विशेषतः ईमेलमध्ये, अजून अडखळते. म्हणून ते जोडीला घ्या, मुख्य म्हणून नको.

नोंदणी झाली की काही महिन्यांत तुम्हाला एखादे बिलासारखे दिसणारे पत्र किंवा ईमेल येऊ शकते: तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, ताबडतोब इतके भरा. पाठवणाऱ्याचे नाव आणि तुमच्या रजिस्ट्रारचे नाव ताडून पाहा. ते वेगळे असेल तर पैसे भरू नका आणि पत्रातल्या दुव्यावरून कुठेही जाऊ नका. शंका आली तर आपल्या खात्यात स्वतः शिरून मुदतीची तारीख पाहायची.

आणि एक वही स्वतःसाठी बांधा, बारीकशी. तिच्यात रजिस्ट्रारचे नाव, खात्याला जोडलेला ईमेल, डोमेनच्या मुदतीची तारीख, होस्टिंग कंपनीचे नाव आणि तिच्या मुदतीची तारीख लिहा, पावत्यांच्या छापील प्रती आत चिकटवा. पासवर्ड मात्र त्यात नकोत. दुहेरी पडताळणी चालू करताना जे राखीव संकेत मिळतात, ते वेगळ्या जागी जपून ठेवा. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा, पण ज्या कार्डावर ते चालू आहे त्याची मुदत कधी संपते, तेही वहीत लिहा, कारण डोमेन हातचे जाण्याच्या अनेक प्रकरणांत मुदत संपलेले असते ते कार्डच. ती वही कुठे आहे, हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

राहिली तुमची तीन नावे. ती मी वर मुद्दाम छापलेली नाहीत, कारण हे लिहिताना ती तिन्ही मोकळी आहेत आणि वाचणाऱ्यांपैकी कोणीही ती घेऊ शकतो. तुम्हीही ती घेईपर्यंत पानावर जाहीर करू नका. पहिल्या नावात मध्ये आडवी रेघ आहे. फोनवर सांगताना ‘मध्ये एक रेघ’ असे दर वेळी सांगावे लागेल आणि निम्मे लोक ती विसरतील. दुसरे नाव अर्थाने सर्वांत सुरेख आहे, पण ते रोमन लिपीत लिहिताना अडचण येते: त्यातला ‘व’ कोणी व्हीने लिहील, कोणी डब्ल्यूने, आणि शेवटची दीर्घ ‘ई’ कोणी एका आयने, कोणी दोन ईने. ते घ्यायचेच असेल तर निदान दोन वेगळी स्पेलिंगे घेऊन दोन्ही एकाच जागी वळवावी लागतील. तिसरे नाव आखूड आहे, त्यात जोडाक्षर नाही, आणि त्याचे स्पेलिंग मला एकाच तऱ्हेने करता येते. पाच ओळखीच्या माणसांना ते फोनवर फक्त तोंडी सांगा आणि त्यांनी काय लिहिले, ते पाठवायला सांगा. पाचही जणांनी एकसारखे लिहिले, तर त्याच संध्याकाळी भाच्याला बोलवा आणि त्याच्या शेजारी बसून, आपल्या खात्यातून, ते नाव नोंदवून टाका.